फिलूबाय, दोन खाड्यांची सहल झाली

फिलूबाय, तुझ्या मयतीला लोक काय काय बोलले ते तुला कुणीतरी सांगायला हवं. तुझ्या तोंडावर खरं बोलायचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडेच होतं, तेव्हा आताही मीच सांगते.

तू गेलीस ती तुझ्या वाडीत. गुरुवारी सकाळी केळींना पाणी लावलंस आणि टाकीच्या कट्ट्यावर बसलीस, ती उठलीच नाहीस. तुझी काळी लेडीज सायकल त्या वेळी पडवीत होती, कुलूप लावलेली. सगळ्या सांडोर गावानं ती पाहिली, कारण तुला शेवटचं बघायला येणारा प्रत्येकजण तिच्या शेजारूनच आत आला. तरी दफनाच्या दिवशी चर्चच्या आवारात माझ्या कानावर जे पडत होतं ते हेच, की सायकलनं घात केला. छत्री धरून उभ्या असलेल्या दोघी म्हणाल्या, सहासष्टाव्या वर्षी कुणी असं वणवण फिरतं का. तुझ्या हाताखाली जिची दोन बाळंतपणं झाली त्या बाईनंही मान हलवली.

सातव्या दिवसाच्या मिस्सेची प्रार्थना झाल्यावर हॉलमध्ये चहा होता. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. सरकारी दवाखान्यात तू तीस-बत्तीस वर्षं नर्स होतीस, अर्ध्या गावाला इंजेक्शनं दिलीस, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. मग सायकलीवर आले. फिलोमिनाबाईंच्या जाण्यातून निदान बाकीच्या बायकांनी बोध घ्यावा, या वयात हौस आवरती घ्यावी, असं म्हणून ते खाली बसले. पुरुषांच्या रांगेत माना डोलल्या.

मी कप हातात धरून गप्प बसले. निर्मळच्या शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं हेडमास्तरांशीही भांडलेली ही सुनंदा, आणि तिला एक शब्द फुटला नाही. का, ते ऐक. त्याच्या तासभर आधी, चर्चच्या फाटकाशी, तुझ्या बहिणीनं, लुसीनं, मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. चार महिन्यांपूर्वी तुझी तपासणी झाली होती. हृदयाच्या तीन नसा बंद निघाल्या होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली होती आणि तू ती पुढे ढकलली होतीस. लुसी म्हणाली, "मला बोलली, आधी बायकांची सहल होऊ दे, मग मी निवांत झोपते त्या टेबलावर. आणि कुणाला सांगशील तर माझं तोंड बघू नको."

म्हणजे हॉलमधली ती माणसं अर्धी खरी होती. तुला सायकलीनं मारलं नाही, पण सहलीनं तुझं ऑपरेशन थांबवून धरलं. हे मला त्यांना सांगता येईना आणि ते खोटं बोलतायत असंही म्हणता येईना. माझ्या तोंडाला तू असं कुलूप लावून गेलीस.

तुझा विचार केला की मला तो तलावाकाठचा रस्ता आठवतो. मी चौपन्न वर्षांची, साडी कमरेला खोचलेली, आणि तू मागून सायकलीचं कॅरियर धरून धावतेयस. फुलांच्या पाट्या घेऊन स्कूटरवरून जाणारी माझी स्वतःची भावकी थांबून बघत होती. मी म्हटलं, फिलू, सोड, लोक हसतायत. तू म्हणालीस, हसू देत, त्यांना दुसरं काम नाही, तू पुढे बघ. पुढे बघितलं तेव्हा तू केव्हाच हात सोडला होतास. मग कुंदा आली, मग चंदनसारची ज्योती आली, आणि होता होता आपण अकराजणी झालो. दर रविवारी सकाळी सांडोर ते निर्मळ, कधी अर्नाळ्याच्या समुद्रापर्यंत. कुणाच्या सासूबाई आजारी असल्या तर त्यांच्या दारात थांबून तू ब्लडप्रेशर मोजायचीस आणि मगच आपण पुढे जायचो.

दोन खाड्यांची सहल तुझ्या डोक्यातून निघाली. रो-रो बोटी सुरू झाल्या, गाड्या बोटीत चढायला लागल्या, तेव्हा तू म्हणालीस, मोटारी जातात तर आपण का नाही. सकाळी वसईच्या जेट्टीवरून पहिली बोट धरायची, भाईंदरला उतरायचं, तिथं लुसी आणि उत्तनच्या आणखी दोघींना घ्यायचं आणि त्यांना घेऊन बोटीनं परत यायचं. मग वाड्यांमधल्या रस्त्यानं निर्मळ, विरार, नारिंगीची जेट्टी. तिथून दुसरी बोट, वैतरणेपलीकडे जलसार, आणि तिथून जमलं तर केळव्याचा समुद्र. मी म्हटलं, लुसीला बोट कळते, ती आपली आपण येईल, उगीच एक फेरी कशाला. तू म्हणालीस, पाहुणीला आणायला कुणी गेलं नाही तर ती सहल कसली. यावर आपण दोन रविवार भांडलो. तूच जिंकलीस.

ती आखणी तू वॉर्डातल्या ड्युटीसारखी केलीस. ओहोटीला जेट्टीच्या उतारावर शेवाळ उघडं पडतं, म्हणून भरतीच्या वेळा कोळणींना विचारून लिहून आणल्या. बोट हलली तर सायकली एकमेकींवर पडू नयेत म्हणून दोऱ्या कापून ठेवल्या. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला तू विचारलंस, इथं बायकांची मुतारी कुठे आहे. तो गोंधळला, तर त्याला म्हणालीस, तुझी आई आली असती तर तिला कुठे पाठवलं असतंस, तीच जागा दाखव. तू अशी बोलायचीस तेव्हा मला लाज वाटायची, आणि नंतर सगळ्यात आधी मीच त्या जागेचा उपयोग करायचे.

आता आपल्या शेवटच्या भांडणाकडे येते, कारण ते अर्धंच राहिलंय.

सहल दोन महिन्यांवर आली होती. तू तुझ्या ओटीवर सगळ्यांची तपासणी लावलीस. बाकीच्या नऊजणी पास झाल्या. माझ्या दंडाला पट्टा बांधलास तर आकडा वर. पुढच्या रविवारी पुन्हा वर. तिसऱ्या रविवारीही तसाच. तू पट्टा गुंडाळत शांतपणे म्हणालीस, "सुनंदा, तू दुसऱ्या बोटीत नाहीस. पहिली कर, निर्मळपर्यंत ये आणि घरी जा."

माझ्याच दारात मला सोडून तुम्ही सगळ्याजणी पुढे जाणार, आणि मी ओटीवर उभी राहून हात हलवायचा. मी म्हटलं, एवढं चालवू शकते, पुढचंही चालवीन. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, गोळी सुरू करते. तू म्हणालीस, आधी कर, मग तीन महिन्यांनी बोल. तेव्हा माझ्या तोंडून ते गेलं. मी म्हणाले, "तुला नवरा ना मूल. हुकूम चालवायला तुला आता वॉर्ड उरला नाही, म्हणून आम्ही लागतो."

तू पट्टा पिशवीत ठेवलास. "झालं बोलून? आजपासून लोणचं बंद कर," एवढंच म्हणालीस. मी सायकल काढली आणि निघाले. पुढे दहा दिवस तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. अकराव्या दिवशी ज्योतीचा फोन आला तो तू गेल्याचा.

ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. पण त्यासोबत मला तुलाही काही विचारायचंय. माझ्या दंडावर पट्टा बांधताना तुझ्या स्वतःच्या तीन नसा बंद होत्या ना? मला घरी बसवताना तू कुठल्या तोंडानं मला नियम सांगत होतीस? मी तुला वाईट बोलले खरी, पण तू मला फसवलंस, फिलू. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच ओटीवर झाल्या, आणि माफी मागायची फक्त मी एकटीनं, कारण तू निसटलीस.

मिस्सेनंतर आठवड्यानं मी तुझी वही मागायला आगुस्तीनभाऊंकडे गेले. बोटींच्या वेळा, भरतीच्या वेळा, सगळं त्या वहीत होतं आणि तुझ्या घराची किल्ली तुझ्या या थोरल्या भावाकडे होती. ते पडवीत केळीची पानं कापत बसले होते. मला बघून त्यांनी कोयता खाली ठेवला. वही देणार नाही म्हणाले. तुमच्या त्या सायकलींनीच माझ्या बहिणीला नेलं, आता आणखी कुणाला न्यायचंय, असं म्हणाले.

हॉलमध्ये गिळलेलं सगळं त्या वेळी वर आलं. मी म्हटलं, "आगुस्तीनभाऊ, तिचं हृदय चार महिन्यांपासून खराब होतं. ऑपरेशन सांगितलं होतं. तिनंच केलं नाही."

त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"लुसीनं."

त्यांनी कापलेली पानं एकावर एक रचली. मग म्हणाले, "मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहतो, सुनंदा. रोज सकाळी तिचा खोकला मला ऐकू येतो."

एवढं बोलून ते उठले, आत गेले आणि वही आणून माझ्या हातात दिली. मी जिंकले होते आणि मला तिथं उभं राहवेना. त्यांना ते अशा रीतीनं कळायला नको होतं. ते सांगायचं काम तुझं होतं. तू ते लुसीवर टाकलंस, तिनं माझ्यावर, आणि मी ते त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर फेकलं.

घरी येऊन मी वही उघडली. उतारावर कुंदाला हात द्यायचा, ज्योती डबा विसरते म्हणून दोन भाकऱ्या जादा घ्यायच्या, जलसारला जेट्टीपासून तिसरं घर, विमलबाई, पाणी चांगलं, संडास स्वच्छ, सांगून ठेवलंय. दुसऱ्या बोटीची यादी वेगळ्या पानावर होती. तुझं धरून दहा नावं आणि उत्तनच्या तिघी. माझं नाव नव्हतं. तू शब्दाची पक्की, ते मला माहीत होतं, तरी मी ते पान तीनदा वाचलं.

त्या रविवारी सगळ्याजणी माझ्या ओटीवर जमल्या. सहल रद्द करायची असं जवळजवळ ठरूनच आल्या होत्या. कुंदा म्हणाली, फिलूबायच्या नावानं तलावाशी एक झाड लावू, सगळ्याजणी पांढरे कपडे घालू, फोटो काढू. ज्योती खाली बघत म्हणाली, "ताई, माझे मिस्टर बोलले, आता सायकल-बियकल एकदम बंद. टेन्शन नको म्हणे." आणखी दोघींच्या मुलांनीही तेच सांगितलं होतं.

मी तुझ्या नसांचं सगळं सांगितलं. मग मी म्हटलं, सहलीचं नंतर बघू, आधी आपापले कागद आणा. खरे. घरच्यांना दाखवता ते नकोत, डॉक्टरनं दिलेत ते.

पुढच्या रविवारी ते कागद आले आणि फिलू, तू असतीस तर तुला कळलं असतं की तुझ्या त्या कडक तपासणीचं आम्ही काय केलं होतं. कुंदाला तीन वर्षं साखर आहे. ज्योतीचं रक्त इतकं कमी की डॉक्टरनं सुया सांगितल्या होत्या, त्या तिनं घेतल्याच नव्हत्या. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. तुझ्यापाशी पास झालेल्या नऊजणींपैकी सहाजणी खोटं बोलून पास झाल्या होत्या. मी तेवढी नापास झाले, कारण दंडाचा पट्टा खोटं बोलत नाही.

मी चिडून विचारलं, का लपवलंत? कुंदा रडायला लागली. म्हणाली, "घरी कळलं असतं तर भांडी बंद झाली नसती, पाहुणे बंद झाले नसते. रविवार बंद झाला असता."

आजार घरात कळला की आपल्याकडून सगळ्यात आधी काढून घेतात ती आपल्या हौसेची गोष्ट. आपली कामं मात्र आपल्याचकडे राहतात. तू उभी हयात दवाखान्यात काढलीस. तुला हे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असणार, म्हणून तर तू गप्प राहिलीस. पण तुला अडवायला घरात कोण होतं गं? तुझी पडवी तुझी, तुझा रविवार तुझा. तुला बंद करणारं कुणी नव्हतं, तरी तू आमच्यासारखीच लपवत बसलीस. मला वाटतं, तुला भीती आमची होती. तुझं कळलं असतं तर आम्हीच सहल मोडली असती. आणि तेही खरंच आहे.

मग आम्ही ठरवलं की जायचं, पण उघड जायचं. प्रत्येकीनं डॉक्टरला विचारायचं आणि काय म्हणाले ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी गोळी सुरू केली. दोन आठवड्यांत आकडा खाली आला, डॉक्टर म्हणाले, सावकाश जात असाल तर जा. गुडघेवालीनं स्वतःच नाव काढलं आणि एकीच्या मुलानं तिला सोडलं नाही, म्हणून आमच्या आठजणी राहिल्या. ज्योतीनं नवऱ्याला सुयांचा कागद दाखवला. तिच्या डॉक्टरनं सायकलीला नाही म्हटलं, म्हणून ती बोटींमधून आली आणि मधला रस्ता रिक्षानं. तू असतीस तर याला सहल म्हटलं असतंस का, माहीत नाही. आम्ही म्हटलं.

परवाच्या रविवारी निघालो. सांडोरच्या वळणावर आगुस्तीनभाऊ उभे होते. मला वाटलं, आता अडवतात. त्यांनी वाडीतल्या केळ्यांच्या सुकेळीच्या दोन पुड्या माझ्या कॅरियरला लावल्या आणि बाजूला झाले.

वसईच्या जेट्टीवर आम्ही सायकली तुझ्या दोऱ्यांनी बांधल्या. भाईंदरला लुसी वाट बघत होती आणि आम्ही तिला घ्यायला गेलो म्हणून बोटीत चढताच रडली, तेव्हा तुझं ते दोन रविवारचं भांडण मी मनातल्या मनात तुला देऊन टाकलं. निर्मळला माझ्या दारात पोचलो तर माझे मिस्टर बाहेर आले. कुणी थांबलं नाही, मीही नाही. नारिंगीला जेट्टीवर उन्हात तासभर बसलो, बोट उशिरा आली. वैतरणेचं पात्र ओलांडताना बोटीवर सगळ्याजणी उभ्याच होत्या आणि कुणी गाणं म्हणायला सुचवलं नाही, ते बरं झालं.

केळव्यापर्यंत नाही जाऊ शकलो. जलसारला उतरून तिसरं घर गाठलं तेव्हाच दीड वाजला होता. विमलबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. सायकली बघून उठल्या, हसल्या आणि आमच्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या मोठ्या बाय कुठं?" त्यांनी विचारलं.

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. वहीत नाव होतं, घर होतं, पण फोन नव्हता. लुसीनं सांगितलं. विमलबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "त्या तीनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा संडास बघितला, दुसऱ्यांदा विहीर बघितली. तिसऱ्यांदा मंगळवारी आल्या त्या इथं ओटीवर आडव्याच झाल्या, छातीशी हात धरून. तासभर झोपल्या. मी म्हटलं, दवाखान्यात नेते, तर नको म्हनाल्या, बोटीत बसलं की वारा लागंल."

मंगळवार. आपल्या भांडणानंतर नऊ दिवसांनी आणि तू गेलीस त्याच्या दोन दिवस आधी. मी घरी फोनकडे बघत बसले होते आणि तू खाडीपलीकडे एका परक्या बाईच्या ओटीवर एकटी पडली होतीस. हे मी तुला सोडणार नाही, फिलू. त्या ओटीवर तुझ्या शेजारी बसायचा हक्क माझा होता.

विमलबाईंनी आतून कळशी आणली. पाणी ओतायच्या आधी त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. म्हणाल्या, "जाताना मला सांगून गेल्या. बोलल्या, बायकांच्यात एक माझी मैत्रीन असंल, चिडलेली. ती यायची थांबनार नाय. तिला आधी बसव, आधी पानी दे, मंग बाकीच्यांना." मग त्यांनी विचारलं, "ती कोन तुमच्यातली?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सायकल भिंतीला टेकवली, ओटीवर जाऊन बसले आणि पेल्यासाठी हात पुढे केला.